एकवीस पोती ज्वारी
(विहाराच्या वर्धापनदिनी राजूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही काही विद्वान नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, रिंगखात्यात कायम झालो आणि तिथेच डोक्याचे केस पांढरे झाले. वाचन म्हणाल तर पाळी सुटल्यावर, वाचनालयातली पुस्तकं घरी आणून, झोपेला चाट देऊन केलेलं. तेव्हा बोलण्यात काही चुकलंच तर भंतेजींनी आमचा कान धरावा.

आजचा आमचा विषय आहे महायुद्धात मेलेल्या माणसांची मोजणी. वर्धापनदिनाला हा कसला विषय, असं समितीतल्या दोघा-तिघांना वाटलं. "आनंदाचा दिवस आहे, धम्मावर बोला," असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही म्हणालो, धम्मावरच बोलणार आहोत. पंचशीलातलं पहिलं शील आपण रोज तोंडाने म्हणतो. ते नीट समजावं म्हणूनच ही मोजणी मांडली आहे.

या विषयाचं कारण आपल्याच वस्तीत घडलं.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात, २२ तारखेला, पहलगामला २६ निरपराध माणसं गोळ्या घालून मारली गेली. देशभर संताप झाला आणि तो संताप खरा होता. पुढे ७ मे ते १० मे असे चार दिवस सीमेवर तोफा, क्षेपणास्त्रं आणि ड्रोन चालले. त्या चार रात्री आपल्या वस्तीतली पोरं चौकात मोबाईलभोवती गोळा व्हायची. एकजण आम्हाला म्हणाला, "काका, आता एकदा होऊनच जाऊ द्या. तिसरं महायुद्ध झालं तरी चालंल." आम्ही विचारलं, "दुसऱ्यात किती माणसं मेली, माहीत आहे का?" त्याने मोबाईलवर बोट फिरवलं, म्हणाला, "सात कोटीच्या वर." आणि लगेच बोट पुढे सरकवलं. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं ते सांगून झालं.

चौकासमोरच एक घर आहे. त्या घरचा मुलगा फौजेत आहे. त्या चार रात्री त्याची आई फोन उशाशी घेऊन बसून होती. खाली पोरं ओरडत होती, "होऊन जाऊ द्या," आणि वर ती माउली भिंतीला टेकून जागी होती. १० तारखेच्या संध्याकाळी तोफा थांबल्या, तेव्हा पोरं म्हणाली, "छे, अर्ध्यावरच सोडलं." १२ मेला बुद्धपौर्णिमा होती. याच विहारात खीरदान झालं. त्याच पोरांच्या वाटीत खीर वाढायला ती माउली उभी होती. ती कोणाला एका शब्दाने बोलली नाही.

आता खरं सांगायचं तर पोरांना बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. १९९९ साली कारगिलच्या वेळी आम्हीही ऐन जवानीत होतो. पाळीवर आम्हीही असंच बोलत होतो, आणि विजय झाला तेव्हा खात्यात पेढे वाटायला आम्हीच पुढे होतो. ५२७ जवान कामी आले, हा आकडा आम्हाला पाठ होता. पण त्या ५२७ पैकी एकाचंही नाव आम्हाला पाठ नव्हतं. याची लाज वाटायला आम्हाला पंचवीस वर्षं लागली.

पोरगं "सात कोटी" म्हणालं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, याचा आम्ही रात्रभर विचार केला. तो दगडाच्या काळजाचा नाही. वस्तीत मयत झाली तर खांदा द्यायला तोच पहिला असतो. मग सात कोटी ऐकून त्याला काहीच का वाटू नये? आम्हाला असं वाटतं की, आकडा माणसाच्या कवेत मावला नाही की तो नुसता आवाज होतो. शंभर माणसं आपल्याला दिसतात. हजार दिसतात. अंगारकी चतुर्थीला राजूरला चहूकडून लोक येतात, जालन्याच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही, म्हणून लाख म्हणजे काय याचाही आपल्याला थोडा अंदाज आहे. पण कोटी? कोटी आपण फक्त बजेटमध्ये आणि घोटाळ्यांमध्ये ऐकतो.

म्हणून आम्ही ठरवलं की मोजूनच बघायचं. आणि मोजायला आपल्या घरात जे आहे तेच घ्यायचं, ते म्हणजे ज्वारी.

गेल्या रविवारी संस्कार वर्गाच्या तीन मुलांना आम्ही इथेच बसवलं. प्रत्येकाने ज्वारीचे हजार दाणे मोजायचे. चुकलं की पुन्हा. अर्धा तास गेला. तीन हजार दाणे घेऊन आम्ही किराणा दुकानात गेलो आणि काट्यावर टाकले. ९० ग्रॅम भरले. म्हणजे हजार दाण्यांचे ३० ग्रॅम. हा हिशेब ध्यानात ठेवा. एक दाणा म्हणजे एक माणूस.

सुरुवात आपल्या जवळच्या आकड्यापासून करू. कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. १ जानेवारी १८१८ ची ती लढाई. कंपनीकडून पडलेल्या ४९ जणांची नावं त्या स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ते आपले पूर्वज. आम्ही ४९ दाणे मोजून काट्यावर टाकले. काय झालं असेल? काटा हललाच नाही. शून्यच दाखवत राहिला. दुकानदार म्हणाला, "पाच ग्रॅमच्या आतलं याला कळत नाही." ४९ दाण्यांचं वजन दीड ग्रॅमसुद्धा होत नाही. मग पहलगामच्या २६ जणांचं काय? तेही शून्य. म्हणजे ज्या २६ माणसांसाठी देश पेटला, ती त्या काट्याला दिसतसुद्धा नाहीत. ही गोष्टही लक्षात ठेवा, शेवटी आम्ही तिच्याकडे येणार आहोत.

आता पुढचे आकडे. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८, आपल्या देशातून तेरा लाखांच्या वर माणसं बाहेर गेली, काही लढायला, काही ओझी वाहायला. त्यांतले सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. ज्वारी झाली सव्वादोन किलो. फ्रान्सच्या चिखलात, इराकच्या वाळवंटात, आफ्रिकेच्या जंगलात हे लोक मेले. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे या एका गावचेच ४६ जण त्यांत होते. त्या गावाला आजही लोक मिलिटरी आपशिंगे म्हणतात. ४६ म्हणजे आपल्या काट्यावर पुन्हा शून्य, पण गावातल्या घरांवर त्याचं ओझं केवढं असेल ते बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४५, हिंदी फौजेतले सुमारे ८७ हजार मेले. ज्वारी झाली दोन किलो सहाशे ग्रॅम.

६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ. जपानच्या हिरोशिमा शहरावर एक बाँब पडला. तिथे त्या क्षणी आणि वर्षअखेरपर्यंत मिळून सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. ज्वारी झाली चार किलो दोनशे ग्रॅम. तीन दिवसांनी नागासाकीला त्याच्या निम्मी. हा फक्त दोन बाँबचा हिशेब आहे. आजचे बाँब त्याहून कितीतरी पटीने मोठे आहेत, हे चौकातल्या पोरांनी जरूर लक्षात घ्यावं.

इथून पुढे पिशवी पुरत नाही, पोतं लागतं. हे समोर ठेवलेलं पोतं पाहा. क्विंटलभर ज्वारी आहे. आपल्याच एका शेतकरी बांधवाने आजच्या दिवसापुरती दिली आहे. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला होता. जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, तांदूळ हलवला. फौजेसाठी आणि शहरासाठी धान्याचा साठा झाला, भाव कडाडले आणि ज्याच्या गाठीला पैसा नव्हता तो शेतमजूर, कोळी, कारागीर रस्त्यावर मेला. सुमारे ३० लाख माणसं. बंदुकीची एक गोळी न लागता मेली. त्यांची ज्वारी ९० किलो. म्हणजे हे पोतं जवळजवळ पूर्ण भरतं.

युरोपात हिटलरने ज्यू लोकांना केवळ ते ज्यू म्हणून जन्मले एवढ्यासाठी मारलं. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांची संख्या सुमारे ६० लाख. पावणेदोन पोत्यांच्या वर. चीनची दीड ते दोन कोटी माणसं. पाच-सहा पोती. रशिया आणि तिच्या जोडीच्या प्रांतांची, म्हणजे त्या वेळच्या सोव्हिएत संघाची, २ कोटी ७० लाखांच्या घरात. आठ पोती. आणि बाकीच्या देशांची धरून एकंदर हिशेब सात कोटींच्या खाली येत नाही, काही जण साडेआठ कोटी सांगतात. आपण कमीतला आकडा घेऊ. सात कोटी दाण्यांची ज्वारी एकवीसशे किलो. अशी एकवीस पोती.

एकवीस पोती म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉली आपल्या डोळ्यांपुढे येते, सात कोटी येत नाहीत. २०११ च्या शिरगणतीत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. असे पस्तीस जालना जिल्हे रिकामे केले तरी सात कोटी भरत नाहीत. महाराष्ट्रातल्या दर पाच माणसांतली तीन गेली असं धरा. आणि एकेका नावाला एकच सेकंद देऊन, न जेवता, न झोपता ती यादी वाचायला बसलो, तर दोन वर्षं आणि ऐंशी दिवस लागतील.

त्या रविवारी हा हिशेब चालू असताना आपल्या वस्तीतल्या एक म्हाताऱ्या मावशी दारात बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "यात बाया-लेकरं धरली का रे बाबा, का नुसते शिपाईच?"

बंधू-भगिनींनो, आम्ही इतकी पुस्तकं चाळली, पण हा प्रश्न आम्हाला आधी सुचला नव्हता. आम्ही पुन्हा कागद काढले. मोजणारे सांगतात की दुसऱ्या महायुद्धातल्या मेलेल्यांपैकी साधारण तीन हिश्शांतले दोन हिस्से लोक शिपाई नव्हतेच. एकवीस पोत्यांतली चौदा पोती बाया, लेकरं, म्हातारी-कोतारी, शेतकरी, कामगार. म्हणजे युद्ध म्हणजे दोन फौजांची कुस्ती, ही चौकातली समजूत खोटी आहे. "होऊन जाऊ द्या" म्हणणारा स्वतःच्या आईला, बहिणीला त्या ट्रॉलीत बसवतो आणि त्याला ते ठाऊक नसतं.

आता मोजणीची दुसरी बाजू. कोणाला मोजलं आणि कोणाला मोजलंच नाही?

पुण्याजवळ खडकीला युद्धात मेलेल्यांची एक दफनभूमी आहे. आम्ही कोरेगावला जाताना एकदा मुद्दाम तिथे उतरलो. हिरवळीवर दगडांच्या रांगा आहेत. प्रत्येक दगडावर नाव, पलटण, तारीख, वय. वीस-बावीस वर्षांची पोरं ती. इंग्रज असली म्हणून काय, आम्हाला भरून आलं, कारण तिथे नाव होतं.

आता इराकमधल्या बसऱ्याचं ऐका. पहिल्या महायुद्धात तिकडे मेलेल्यांसाठी इंग्रजांनी तिथे मोठं स्मारक बांधलं. ४० हजारांच्या वर लोकांची ती आठवण. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं कोरली. आणि साध्या हिंदी शिपायाचं काय? पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. एवढे मेले. संपलं. २०२१ साली त्यांच्याच युद्धकबर आयोगाने चौकशी करून अहवाल काढला आणि चूक कबूल केली. पहिल्या महायुद्धातल्या आशिया-आफ्रिकेच्या ४५ ते ५४ हजार माणसांची आठवण इतरांसारखी ठेवली गेली नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, अशी आहेत की त्यांचं नावच कुठे नाही, किंवा आठवणच नाही. बहुतेक हमाल, ओझेवाले, साधे शिपाई. इंग्लंडच्या पार्लमेंटात माफी मागितली गेली, पण तोवर शंभर वर्षं होऊन गेली होती.

आपल्या मुंबईचंही उदाहरण आहे, आणि त्याची तारीख तुम्हाला जन्मात विसरता येणार नाही. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या जयंतीच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारो गाठी. आम्ही कापसातली माणसं आहोत. गाठीत एकदा विस्तव शिरला की तो कसा आतल्या आत धुमसत राहतो, ते आम्हाला विचारा. त्या आगीत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांची संख्या नेमकी माहीत आहे आणि १४ एप्रिलला देशभर त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा दिन पाळतात, ते योग्यच आहे. पण गोदीतले हमाल, मजूर, आजूबाजूच्या चाळींतली माणसं? कोणी आठशे म्हणतं, कोणी तेराशे. मधली पाचशे माणसं कुठे गेली? ती होती की नव्हती, हेच आपल्याला सांगता येत नाही.

जिवंतपणी ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं, त्याला मेल्यावर यादीबाहेर ठेवलं. विषमता अशी सरणापाशीही माणसाला सोडत नाही. म्हणूनच कोरेगावच्या स्तंभावरची ती २२ नावं आपल्याला सोन्याहून मोलाची वाटतात. तिथे आकडा नाही, नाव आहे.

आता आमच्या आवडत्या राजाकडे येतो. जगात लढाया सगळ्याच राजांनी केल्या. पण आपण जिंकलेल्या लढाईत किती माणसं मेली हे स्वतः मोजून, ते पाप आपलं आहे असं दगडावर कोरून ठेवणारा राजा विरळा. तो आपला अशोक. कलिंगच्या लढाईनंतर त्याने कोरलेल्या तेराव्या शिलालेखात हिशेब आहे. दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. उपासमारीने, रोगराईने मागाहून मेलेल्यांनाही त्याने सोडलं नाही. मावशींचा प्रश्न अशोकाने तेव्हाच स्वतःला विचारला होता.

तिथेच तो पुढे म्हणतो, ते नीट ऐका. शब्द आमचे, भाव त्याचा. कलिंगात जेवढी माणसं मेली, त्यांचा शंभरावा काय, हजारावा हिस्सा जरी आज असा मेला तरी ते आपल्याला जड वाटेल. त्या जुन्या प्राकृतात 'गुरु' हाच शब्द आहे. गुरु म्हणजे जड, भारी.

आता लाखाचा हजारावा हिस्सा म्हणजे किती? शंभर. हे बघा, या आमच्या तळहातावर शंभर दाणे आहेत. दुकानाच्या काट्यावर टाकले तर शून्य. त्या काट्याला दिसत नाहीत. अशोकाच्या काळजाला ते जड झाले.

बंधू-भगिनींनो, आम्हाला आज एवढंच सांगायचं आहे. आपल्या आत जो काटा आहे, तो कोणता ठेवायचा ते आपण ठरवायचं. दुकानाचा ठेवला तर ४९, २६, ४६ सगळे शून्य, आणि सात कोटी म्हणजे नुसता स्कोअर. अशोकाचा ठेवला तर शंभर दाणेही जड, एक दाणाही जड. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आपल्याला धम्म दिला. तो दिवस तलवारीचा विजय सोडून धम्माच्या विजयाकडे वळलेल्या राजाचा दिवस होता.

इथे एक प्रश्न तरुण मंडळी विचारतील आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. "काका, मग फौजेत जाऊ नये का? कोरेगावचा अभिमान सोडायचा का? महार रेजिमेंटचं काय?" आम्ही तसं म्हणत नाही. स्वतः बाबासाहेब सुभेदार रामजींचे चिरंजीव. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी राहिली आणि काम सरल्यावर १९२१ साली मोडली गेली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या माणसांनी ते मानाने कमावलं आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात फरक करून दाखवला आहे. मारण्याची गरज ही एक गोष्ट आणि मारण्याची हौस ही दुसरी. रक्षणासाठी उभं राहणारा शिपाई गरजेने उभा असतो. चौकात मोबाईल धरून "होऊन जाऊ द्या" म्हणणाऱ्याला गरज नसते, नुसती हौस असते. त्या चार रात्रींत आपल्या वस्तीचा जो मुलगा सीमेवर होता, त्याने घरी फोनवर काय म्हटलं, ते त्याच्या आईने नंतर आम्हाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, हे लवकर थांबावं." फौजेतला थांबावं म्हणतो आणि चौकातला होऊ द्या म्हणतो, याचा विचार करा.

त्याच ग्रंथात सिद्धार्थाने घर का सोडलं, तेही बाबासाहेबांनी सांगितलं आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय लढायला उठले होते. सिद्धार्थ संघाच्या सभेत युद्धाच्या विरुद्ध उभा राहिला, मतदानात हरला आणि त्याने गृहत्याग पत्करला. आपल्या धम्माची वाटच मुळी युद्धाला नाही म्हणण्यातून निघाली आहे.

आमच्या रिंगखात्यात पंचवीस हजारांच्या वर चात्या होत्या. पाळी संपली की साहेब रिपोर्टात लिहायचे, आज शेकडा इतके धागे तुटले. ते त्यांचं काम. पण धागा शेकड्याने सांधता येत नाही. सांधणाऱ्याला त्या एकाच चातीपाशी जावं लागतं आणि तो एकच धागा बोटात धरावा लागतो. पुढे ती गिरणी बंद पडली, रिपोर्टही गेले असतील. बोटांना ती सवय मात्र अजून आहे.

म्हणून शेवटी विहार समितीपुढे दोन सूचना ठेवतो.

पहिली, विहारात एक वही ठेवावी. आपल्या घरांतून फौजेत गेलेले, गोदीत, गिरणीत, धरणावर, रस्त्यावर कामावर मेलेले, साथीत-दुष्काळात गेलेले, ज्यांचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही, अशा सगळ्यांची नावं त्यात लिहावीत. हिरोशिमाला अशी वही आहे. दरवर्षी तिच्यात नवी नावं लिहितात. आज ती ३ लाख ४० हजारांच्या पुढे गेली आहेत. तिथल्या आणि नागासाकीच्या बाँबमधून वाचलेल्यांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, २०२४ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. म्हातारपणीही ते लोक जगाला सांगत फिरले की हे पुन्हा होऊ देऊ नका. आणि नाव दगडावर ठेवणं हे आपल्याला नवीन नाही. आपला भोकरदन तालुका म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी या भोगवर्धनाच्या साध्यासुध्या माणसांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं आणि त्यांची नावं तिथल्या दगडावर आजही आहेत. राजांनी लढायांची नावं कोरली, धम्माने देणाऱ्यांची नावं कोरली. त्या मातीतली आपण माणसं आहोत.

दुसरी सूचना, ६ ऑगस्टला संध्याकाळी संस्कार वर्गाच्या मुलांना इथे बसवून शंभर दाणे मोजायला लावावेत. जास्त नकोत. शंभर मोजून झाले की ते मुलांच्या तळहातावर ठेवावेत आणि मग पहिलं शील म्हणावं. बघा ते कसं म्हटलं जातं.

हे समोरचं पोतं ज्या बांधवाने दिलं, त्याने ते परत न्यायला नकार दिला आहे. आज भोजनदानात भाकरी आहे ती याचीच. आमच्या तळहातावरचे शंभर दाणेही आम्ही त्याच पोत्यात टाकतो. ताटात भाकर आली की चौकातल्या पोरांनी एक करावं. ज्या माउलीने त्यांना खीर वाढली होती, ती आज पंगतीत वाढणार नाही. तिला आधी बसवावं आणि पोरांनी वाढावं.



जयभीम! नमो बुद्धाय!